डाव्या चाकातले जवस

भिलाईला जाऊन आलो. परतल्यापासून कुर्डुवाडीत जो भेटतो तो विचारतो, पोलादाची भट्टी पाहिली का, रशियन माणसे पाहिली का, तिकडे खायला काय मिळते. प्रत्येकास निराळे उत्तर देण्याचा मला कंटाळा आहे. म्हणून एकदाच लिहितो. आगगाडीच्या प्रवासाचे वर्णन करीत नाही. नोकरीची सर्व वर्षे रेल्वेच्या कारखान्यात ब्रेकच्या कामावर काढली. डबा कोठे हिसका देतो आणि का देतो, यापलीकडे त्या प्रवासात मला काही दिसत नाही.

कारण लग्नाचे होते. माझी मुलगी सुमन दोन वर्षांपूर्वी भिलाईस दिली. तिच्या धाकट्या दिराचे, धनराजचे, लग्न ठरले होते. नवरी उतईची. उतई हे भिलाईजवळचेच एक लहान गाव.

दुर्ग स्टेशन

स्टेशनावर माझे व्याही तुळशीराम स्वतः आले होते. माणूस आडवा, आवाज त्याहून आडवा. कारखान्याच्या बांधकामावर ते मुरमाने भरलेला डंपर चालवतात. मूळचे भंडाऱ्याकडचे. तिकडची मंडळी व्याह्याला इवाई म्हणतात.

"या, इवाई! कसे वाळून गेले बाप्पा तुमी! बसा मोटरीत."

मोटार त्यांची स्वतःची होती. काळी, युद्धापूर्वीची, इंग्रजी बनावटीची. गाव सोडून गेलेल्या एका ठेकेदाराने ती त्यांच्या गळ्यात घातली होती. तुळशीरामांचे म्हणणे, त्यांनी ती त्याच्या गळ्यातून काढून घेतली होती.

थोडे अंतर गेल्यावर मी म्हणालो, "गाडी डावीकडे ओढते."

"नाई हो. रस्ताच डावीकडे आहे."

रस्ता सरळ होता. नव्या शहराचे सर्वच रस्ते सरळ आहेत. बाजूला एकाच मापाची घरे ओळीने उभी आहेत आणि त्यांच्यासमोर लोखंडी जाळीत गुडघ्याएवढी झाडे लावली आहेत. झाडांपेक्षा जाळ्या उंच आहेत. आमच्याकडे आधी झाड असते आणि मग त्याच्या सावलीला वस्ती होते. येथे आधी वस्ती झाली आहे आणि सावलीची प्रतीक्षा आहे.

"चाकातून धूर येतो आहे," मी म्हणालो.

"भिलाई आहे, इवाई. अथी साऱ्यातूनच धूर निघते."

तिसऱ्यांदा गाडी आपोआप मंदावली तेव्हा मी उतरलो. पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेला आणि मागे घेतला. चाक तव्यासारखे तापले होते. ब्रेक धरला होता आणि सुटत नव्हता. तुळशीरामांनी डबक्यातले पाणी डब्याने आणून चाकावर ओतले. चाक चरचरले. तापलेले बीड गार पाण्याने तडकते; तसे करणाऱ्या माणसास आमच्या कारखान्यात फाटकाबाहेर काढले असते.

मी काही बोललो नाही. त्याचे कारण सांगतो. पूर्वी मुलीच्या सासरी बाप पाणी पीत नसे. बौद्ध दीक्षेनंतर आम्ही अशा पुष्कळ चाली सोडल्या, हीही सोडली. परंतु मुलाच्या बापास त्याची चूक तोंडावर सांगायची नाही, ही चाल अद्याप कोणी सोडलेली नाही. निदान आमच्या घरात तरी नाही.

खुर्सीपार

तुळशीरामांचे घर खुर्सीपारात आहे. वस्ती दाट, घरे लहान, दारे उघडी. एका दारात तेलुगू, दुसऱ्यात पंजाबी, तिसऱ्यात छत्तीसगडी ऐकू येते आणि भांडण मात्र सर्वजण हिंदीत करतात. जेवायला तांदळाची जाड भाकरी, लाखोळीच्या डाळीचे वडे आणि जवसाची चटणी होती. आमच्याकडे करडईचे तेल. येथे भाजीत, चटणीत, डोक्यावर, सर्वत्र जवसाचे. वास उग्र असतो. दुसऱ्या घासाला सवय होते.

सुमनने वाढले. दोन वर्षांत तिचे 'मला' जाऊन 'मले' झाले आहे. मी टोकले नाही.

जेवण झाल्यावर अंगणातील खाटेवर तुळशीरामांनी विषय काढला.

"इवाई, म्या उतईवाल्याइले शब्द देल्ला. नवरदेव मोटरीनंच येईन. मधल्या गल्लीनं येईन."

"बैलगाडीने काय बिघडते?"

"माहं लग्न झालं ना, आमच्या गावात, तवा मले गावाबाहेरच्या पांदीनं नेलं व्हतं. मधल्या गल्लीतून वरात न्यायाची आमाले मनाई. वाजंत्री नाई. म्या अन् माहा बाप, दोघं चिखलातून. जोडा हातात धरला व्हता म्या!" ते मोठ्याने हसले. "आता माहा पोरगा मोटरीत बसून जाईन. उतईच्या लोकाइचं काई म्हणणं नाई, ते तं वाट पाहून राहिले. पण शब्द माहा आहे."

ही हकीकत त्यांनी हसत सांगितली. मला हसता आले नाही. लग्नाला मध्ये दोनच दिवस होते.

"तो ब्रेक दुरुस्त झाल्याखेरीज ती मोटार जाणार नाही," मी म्हणालो.

"कोण म्हणते?"

"मी म्हणतो."

स्वयंपाकघरात सुमनच्या हातून भांडे पडले.

दुसरा दिवस: चाक उघडले

सकाळी सुमन चहा घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "आप्पा, मामंजींना काही बोलू नका हं. ते हसतात, पण मनाले लावून घेतात."

"मी कधी कोणाला बोललो?"

"काल."

मोटार उचलून विटांवर ठेवली. चाक काढले, त्यामागचे बिडाचे भांडे ओढून काढले. त्याच्या आत ब्रेकच्या दोन अर्धगोल पट्ट्या असतात आणि त्यांच्यामध्ये एक लहान नळकांडे. पायाने ब्रेक दाबला की तेल त्या नळकांड्यात येते, आतील पिस्टन बाहेर सरकतो आणि पट्ट्या भांड्यावर घासून चाक थांबवतात. पाय काढला की पिस्टन आत गेला पाहिजे. हा गेला नव्हता. अर्धा बाहेर येऊन तो तेथेच घट्ट बसला होता. भोवती तपकिरी, चिकट, कातड्यासारखा थर होता.

मी बोटाने थोडे खरवडले आणि वास घेतला. आदल्या दिवशीची चटणी आठवली.

आमच्या कारखान्यात रंगाच्या खात्यात पिंपे भरून हेच तेल येते. आम्ही त्याला अळशीचे म्हणतो. ते हवेत वाळते आणि कडक होते. रंगात घालतात ते त्यासाठीच. ज्याने ब्रेकमध्ये जवसाचे तेल ओतले होते त्याने पिस्टनला आतून रंग दिला होता.

तुळशीराम वाकून पाहत होते. "काय आहे जी?"

"तेल वाळले आहे."

"कोणतं तेल?"

मी चाकाकडे पाहिले. सुमन दारातून माझ्याकडे पाहत होती.

"वाळणारे," मी म्हणालो.

तेवढ्यात माझ्या विहीणबाई, जनाबाई, रिकामी बरणी घेऊन अंगणात आल्या. बाई किरकोळ आहेत, पण त्या बोलू लागल्या की तुळशीरामांचा आवाज लहान होतो.

"माहं ठेवणीतलं जवसाचं तेल कोणं नेलं? मागल्या महिन्यात घाण्यावरून आणलं. चटणीवर टाकाले थेंब नाई राहिला!"

"मांजर असन," तुळशीराम म्हणाले.

"मांजर तेल पेऊन बूच लावून ठेवते?"

"शहाणं मांजर असन."

"मिशीवालं असन," जनाबाई म्हणाल्या आणि मोटारीकडे पाहिले.

तुळशीराम थोडा वेळ डोके खाजवत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "इवाई, बाजारातल्या डब्ब्यात काय भरते कोण जाणे. हे शुद्ध घाण्याचं. म्या म्हटलं, लग्नाची मोटर आहे, तिले बी चांगलं खाऊ द्या. जुनं तेल सोडून देल्लं अन् हे भरलं."

"चारही चाकांचे?"

"नाई ना. डाव्या चाकाचं झालं, अन् हिनं जेवाले बोलावलं."

म्हणजे तीन चाके जेवणामुळे वाचली होती. मी तसे म्हणालो नाही. जनाबाईंनी मात्र म्हटले.

डंपरवर असताना तुळशीरामांना फक्त चालवण्याचे काम असते; तेलपाणी गॅरेजची माणसे पाहतात. घरी मोटार आली तेव्हा तेलाचे म्हणून त्यांना जे ठाऊक होते ते सर्व स्वयंपाकघरातले होते.

नळकांडे सोडवून हातात घेतले. पिस्टन हलेना. लाकडावर आपटले, हलेना. तुळशीरामांनी घण आणला.

"ठेवा तो," मी म्हणालो. "पातेले आणा. धुण्याचा सोडा आणा."

जुना रंग काढायचा तर रेल्वेत तो सोड्याच्या पाण्यात उकळून काढतात. चुलीवर पाणी ठेवले, सोडा टाकला, नळकांडे आत सोडले. जनाबाई अधूनमधून झाकण काढून पळीने ढवळीत होत्या. ढवळण्याची आवश्यकता नव्हती, पण पातेले त्यांचे होते. शेजारची एक छत्तीसगडी बाई कुंपणावरून डोकावली.

"का रांधत हस, बहिनी?"

"मोटर," जनाबाई म्हणाल्या.

त्यानंतर पाहायला येणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येकजण झाकण उघडी आणि शिजले का म्हणून विचारी. बायकांनी डाळ न शिजण्याचे अनुभव सांगितले. दुपारपर्यंत पाणी तपकिरी झाले. नळकांडे काढून निववले, तोंड खाली करून लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकले. काही नाही. पुन्हा उकळले, पुन्हा ठोकले. पिस्टन केसभर सरकला. मग आणखी थोडा. शेवटी ठोकळ्यावर टपकन पडला आणि घरंगळत खाटेखाली गेला. तो शोधण्यासाठी तुळशीराम पोटावर सरपटत आत शिरले व डोक्यावर खाट घेऊनच उभे राहिले.

गॅरेज

पिस्टनच्या मागे रबराची लहान वाटी असते. ती फुगून भज्यासारखी झाली होती. नवी हवी होती. म्हणून संध्याकाळी दोघे खुर्सीपारातील ट्रकच्या गॅरेजात गेलो. वाटेत भाजीबाजार लागला. तेथे एक रशियन बाई टोमॅटो दाबून पाहत होती आणि माळीण तिच्यावर खेकसत होती. बाई हिंदीत म्हणाली, "दबाएगा नहीं तो मालूम कैसे?" रशियन पाहिले का, या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच.

त्यापलीकडे कारखाना. नवीन भट्टीचा सांगाडा उभा राहत होता. वर चढलेली माणसे मुंग्यांएवढी दिसत होती. तुळशीराम बोट दाखवून म्हणाले, "त्या भट्टीच्या पायाखालचा मुरूम माह्या डंपरचा." मी थांबून पाहिले. एवढे मोठे काम मी जवळून कधी पाहिले नव्हते.

गॅरेजचे मालक सरदारजी होते. त्यांनी सर्व ऐकून घेतले. जवसाच्या तेलाशी आल्यावर त्यांनी पगडी सावरून तुळशीरामांकडे आदराने पाहिले.

"जाना कहाँ तक है?"

"उतई."

"बस? उस चक्के की नली ठोक के बंद कर दो. तीन चक्के पे ब्रेक लगेगा. बहुत है."

तुळशीरामांचा चेहरा उजळला. "पाह्यलं, इवाई? तीन बहुत!"

"सरदारजी," मी म्हणालो, "गाडीत नवरदेव आहे. रस्त्यावर लग्नाची गर्दी. गाडी थांबवताना एका बाजूला फिरेल."

"तो धीरे चलाओ."

"हे?" मी तुळशीरामांकडे बोट केले.

सरदारजींनी त्यांच्याकडे पुन्हा पाहिले आणि मुकाट्याने आत जाऊन रबरी वाट्यांची जोडी काढून दिली. ब्रेकचे तेल मात्र त्यांच्याकडे संपले होते. ते म्हणाले, एरंडीचे तेल आणि स्पिरिट सारखे घेऊन मिसळा. लढाईच्या दिवसांत फौजेत त्यांनी हेच भरले होते. मला ही गोष्ट ठाऊक होती, परंतु दुसऱ्याने सांगितल्याने तुळशीरामांचा विश्वास बसला.

तिसरा दिवस: एरंडेल

एरंडेल घरातच होते. स्टोव्ह पेटवायचे स्पिरिटही होते. घरात बिघडलेली वस्तू घरातल्याच वस्तूंनी सुधारली, हे जनाबाईंनी अंगणभर सांगितले. तुळशीराम म्हणाले, "माह्या मोटरीले जुलाब देऊन राहिले इवाई!"

प्रथम ब्रेकच्या तेलाची टाकी आणि नळ्या स्पिरिटने धुऊन काढल्या. मग नळकांड्यास आतून बारीक पॉलिश कागद फिरवला, पिस्टन पुसला, नवी वाटी एरंडेलात बुडवून बसवली. पिस्टन बोटाने ढकलला तर आत गेला, सोडला तर सहज सरकला. सुमन पाहत होती. माझा चेहरा बदलला असे ती नंतर म्हणाली. मला तसे वाटत नाही.

नळ्यांतील हवा काढायला दोन माणसे लागतात. एक आत बसून पायाने दाबतो, दुसरा चाकाशी मळसूत्र सैल करून हवा सोडतो. मी चाकाशी होतो.

"दाबा."

"दाबलं."

"धरून ठेवा. आता सोडा. दाबा. मी सांगितल्याशिवाय सोडू नका."

"इवाई, पाय दुखून राहिला."

"दाबा."

मुलीच्या बापास मुलाच्या बापावर हुकूम चालवण्याचा योग मी अन्यत्र पाहिलेला नाही. ते काम मी चारही चाकांवर केले. एका चाकावर ते दोनदा केले, ते गरजेचे नव्हते.

सायंकाळी मोकळ्या रस्त्यावर परीक्षा घेतली. तुळशीरामांनी दाबले, गाडी सरळ रेषेत थांबली. डाव्या चाकाला हात लावला. चाक गार होते. तुळशीरामांनी खाली उतरून स्वतः हात लावला, मग गाल लावला.

उतई

लग्नाच्या दिवशी सकाळी विहारात वंदना करून निघालो. पुढे तुळशीराम, त्यांच्याशेजारी मी, मागे पांढरे कपडे घातलेला धनराज, दोन्ही बाजूंस बायका. मागून ट्रकमध्ये जावई आणि बाकी मंडळी. रस्त्याच्या दोहोंकडे लाखोळीची हिरवी शेते होती. तुळशीराम त्या दिवशी एवढे सावकाश चालवीत होते की एक सायकलवाला घंटी वाजवून पुढे निघून गेला.

उतईच्या वेशीत नवरीच्या भावांनी दोर आडवा धरला होता. ती तिकडची गंमत. तुळशीरामांनी ब्रेक दाबला आणि गाडी दोरापाशी उभी राहिली. सारे गाव जमले होते. मधली गल्ली झाडून, सडा घालून ठेवली होती. गल्लीच्या टोकाला मांडव दिसत होता.

दोर खाली झाला, तरी तुळशीराम गाडी पुढे घेईनात.

"काय झाले?"

"इवाई," ते प्रथमच हळू बोलले, "आत बसलो तं मले काईच दिसणार नाई. मले समोरून पाहाचं आहे. माहा पोरगा मधल्या गल्लीनं मोटरीत येऊन राहिला, ते मले पाहाचं आहे. अथून तुमी चालवा."

ते उतरले सुद्धा. दार उघडे धरून उभे राहिले.

"मला चालवता येत नाही," मी म्हणालो.

"काय?"

"मोटार चालवता येत नाही. मी कधीच चालवलेली नाही."

"मंग तीन दिवस म्या कोणाचं ऐकून राहिलो?"

"ब्रेकवाल्याचे."

मागे धनराज हसू लागला. त्याच्यामुळे बायका हसू लागल्या. मोटारीत बसलेला कोणीही ती चालवू शकत नव्हता आणि चालवू शकणारा बसायला तयार नव्हता. ट्रकमध्येही चालकाखेरीज कोणाला चालवता येत नव्हते आणि तो आपला ट्रक सोडायला राजी नव्हता. नवरीचे वडील, बाळकृष्णजी, तेही मूळचे भंडाऱ्याकडचे, पुढे आले. त्यांना सर्व सांगितल्यावर ते म्हणाले, "मंग चालवाची कावून? ढकलू ना! इंजन बंद करा. इवाईबुवाइले ब्रेकवर बसवा. लोकं का कमी आहेत?"

लोक कमी नव्हते. नवरीचे भाऊ मागे लागले, ट्रकमधले उतरले, आणि बघता बघता गावातीलही कितीतरी माणसे गाडीला हात लावून उभी राहिली. कोणीतरी ओरडले, "चल गा, ढकेल!" मी तुळशीरामांच्या जागेवर बसलो. दोन्ही हातांनी सुकाणूचे चाक धरले, पाय ब्रेकवर ठेवला. गल्ली सरळ होती, एवढेच बरे होते.

मोटार निघाली. वाजंत्री पुढे. वाजंत्रीच्या मागे, मोटारीच्या पुढे तुळशीराम, मांडवाकडे पाठ करून, उलटे चालत, नजर गाडीवर. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसे उभी होती. म्हाताऱ्या बायका डोळ्यांवर हात धरून पाहत होत्या.

मांडव आला तेव्हा ते तसेच उभे राहिले. बाजूला झाले नाहीत. गाडी येत होती, मागचे लोक जोरात ढकलीत होते, आणि हा माणूस दोन्ही हात खाली सोडून मध्येच उभा. बाजूला व्हा म्हणून मी ओरडलो. त्यांना ऐकू आले असेल. ते हलले नाहीत.

मी दाबले. गाडी सरळ थांबली. त्यांच्यात आणि तिच्यात वीतभर अंतर राहिले.

त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. डोळे भरले होते. धनराज उतरला, बापाच्या पाया पडला. बायका मांडवात गेल्या. मी अजून जागेवरच होतो. मग मी पाय उचलला. गल्लीला तेथे थोडा उतार होता. गाडी आवाज न करता पुढे सरकली आणि तुळशीरामांच्या गुडघ्यास लागली.

"बाप्पा! टोंगळा गेला माहा! इवाई, सोडली कावून?"

"चाक मोकळे झाले की नाही ते पाहिले," मी म्हणालो. "झाले आहे."